अकराव्या पानावरची ओळ

या अंकासाठी मी दुसरंच काही लिहीत होतो. संपादक म्हणाले होते, "कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात उभी हयात गेली तुमची, गमतीजमती लिहा." गमती होत्याच. चाकणला ज्यांच्या जमिनी कंपनीत गेल्या त्यांची पोरं आमच्याकडे कामाला होती. त्यातला एक आमच्या साहेबांपेक्षा मोठ्या गाडीतून यायचा आणि आठ तास मशीनवर उभा राहायचा. सहा महिन्यांनी राजीनामा घेऊन आला. विचारलं, "का रे, त्रास झाला का कुणाचा?" तर म्हणाला, "त्रास नाय साहेब, लग्न जमलं. पोरीच्या बापाला कंपनीचं कार्ड दाखवायचं हुतं, दाखवलं." दुसरा एकजण आजारपणाची रजा खरी आहे हे पटवायला सासूलाच ऑफिसात घेऊन आला. सासूबाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आजारी? परवा शर्यतीच्या घाटात बैलगाड्यापुढं भंडारा उधळत पळत हुता की!"

अशी दोन पानं झाली होती. तिसरं सुरू करणार तेवढ्यात मोबाइल वाजला. आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एका कागदाचा फोटो टाकला होता. आखीव, पिवळा पडलेला कागद. वर लिहिलं होतं, "राष्ट्रीय अध्यक्ष व्हायला निघालेल्या बाईंची कबुली वाचा."

मी मजकूर वाचलाच नाही. आधी अक्षर दिसलं. ते माझं होतं.

खाली प्रतिक्रिया येत होत्या. "अक्षर ओळखलं का मंडळी? आपल्या सोनवणे भाऊंचं! मोत्याचे दाणे!" दुसऱ्यानं लिहिलं, "भाऊ, देशभर गाजलात राव!" त्यावर अंगठे, हसरे चेहरे. मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कोण गेलं?"

लिहिलेली ती दोन पानं मी बाजूला ठेवली. त्यांच्या जागी आता हे लिहितोय.

ज्या बाईंबद्दल तो फोटो फिरत होता त्यांचं नाव शालन ओव्हाळ. कंत्राटी आणि महिला कामगारांच्या देशपातळीवरच्या महासंघाच्या त्या आज राष्ट्रीय अध्यक्ष आहेत. टीव्हीवर त्यांना तुम्ही पाहिलं असेल: जाड काचांचा चष्मा, सुती साडी, समोर मंत्री असला तरी आवाज न चढवता बोलणं. बावीस वर्षांपूर्वी त्या आमच्या चाकणच्या कारखान्यात गाड्यांची वायरिंग बांधायच्या कामाला होत्या. पिंपरीच्या कामगार वसाहतीतून पहाटेच्या कंपनी बसने यायच्या. वय सव्वीस. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, बाबासाहेबांना मानणारे, कागदाला फार किंमत देणारे. वाचल्याशिवाय कुठेही सही करायची नाही, ही त्यांची घरातली शिकवण. शालनताई पगाराची चिठ्ठीसुद्धा ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. मागे रांग खोळंबायची. मी हसून म्हणायचो, "ताई, पगार तोच आहे गेल्या महिन्याचा." त्या म्हणायच्या, "मग वाचायला काय हरकत आहे भाऊ?"

बाहेरच्यांसाठी आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. कामगारावर आरोप ठेवला की त्याला लगेच काढता येत नाही. आधी चार्जशीट द्यायची, मग एन्क्वायरी बसवायची. बाहेरचा वकील चौकशी अधिकारी म्हणून येतो. कंपनी आपलं म्हणणं मांडते, कामगार आपलं. जे बोललं जाईल ते एक क्लार्क हाताने लिहून घेतो, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी कामगाराची सही घेतात. तो क्लार्क मी होतो. अक्षर चांगलं म्हणूनच मला हजेरी-पगाराच्या टाइम ऑफिसमधून उचलून तिथे बसवलं होतं.

या लिहिण्याचा एक नियम असतो. मजकूर पानाच्या मध्येच संपला तर खालच्या रिकाम्या जागेवर तिरकी रेघ मारायची आणि मग सही घ्यायची, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडू शकत नाही. हे कायद्याच्या पुस्तकात नसेल, पण या खात्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मीही पुढे कितीतरी मुलांना शिकवलं.

घडलं असं. लाइनवर रुक्मिणी नावाची मुलगी होती, शालनताईंच्या शेजारची. तिची वेणी कन्व्हेयरच्या रोलरमध्ये ओढली गेली. शालनताईंनी लाल बटण दाबलं आणि लाइन थांबवली. बटण त्यासाठीच असतं. पण ती मुलगी किंचाळल्यामुळे आजूबाजूच्या बायका जागा सोडून धावल्या, आणि सगळी लाइन पाऊण तास बंद राहिली.

आमच्या गेटवर एक मोठा फलक होता, 'अपघाताविना दिवस'. त्यावरचा आकडा रोज सकाळी वॉचमन बदलायचा. अपघाताची नोंद झाली की आकडा पुसून शून्य करावं लागतं. चार दिवसांनी परदेशी गिऱ्हाईक कारखाना पाहायला येणार होतं. म्हणून वरून ठरलं की अपघात झालेलाच नाही. रुक्मिणीला दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात हलकं काम मिळालं, आणि आपल्याला काही झालं नाही असं तिनं लिहून दिलं. मग प्रश्न उरला, अपघातच झाला नाही तर लाइन का थांबली? उत्तर एकच निघत होतं. शालन ओव्हाळने विनाकारण थांबवली आणि बायकांना चिथावलं.

एन्क्वायरीच्या पाच बैठका झाल्या. शेवटच्या दिवशी त्या एकट्याच आल्या. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या सहकाऱ्याची त्याच दिवशी शिफ्ट बदलली होती. कुणी बदलली ते मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "तरी चालू करा. मला खरं तेवढंच सांगायचंय, त्याला माणूस कशाला लागतो?" आणि सांगितलं, "रुक्मिणीचे केस रोलरमध्ये गेले म्हणून मी बटण दाबलं. पुन्हा तसं झालं तर पुन्हा दाबीन." मी अकराव्या पानावर ते शब्दशः लिहिलं. मजकूर अर्ध्या पानातच संपला. त्यांनी बोट ठेवून वाचलं, तळाशी सही केली. वकिलांनी न वाचता सही केली आणि गाडी लागली आहे म्हणत गेले.

तिरकी रेघ मारायची मी विसरलो. हे खरं आहे. त्या क्षणी तरी तो विसरच होता.

नियमाप्रमाणे त्यांना लगेच प्रत द्यायची, पण झेरॉक्स मशीन बिघडलं होतं. मी म्हणालो, "ताई, पोस्टाने पाठवतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून जाते हां भाऊ." आणि गेल्या.

पाच मिनिटांनी आमचे पर्सोनेल मॅनेजर आत आले. पानं चाळली. अकराव्या पानाशी थांबले. म्हणाले, "सोनवणे, इथे जागा राहिलीय." एवढंच. काय लिही, हे त्यांनी सांगितलं नाही. दार ओढून घेऊन ते बाहेर गेले.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला सांगण्यात आलं, माझा नाइलाज होता. तसं नव्हतं. वाक्य माझं होतं. मीच जुळवलं. पेन तेच, शाई तीच, माणूस तोच. मी लिहिलं, "तथापि मशीन बंद करण्यासारखे काही घडले नव्हते, हे मला मान्य आहे." 'तथापि' हा शब्द सुचल्याचं मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हेही आज सांगून टाकतो. कागद सफाईदार दिसत होता. मिनिटसुद्धा लागलं नाही. मग मी उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारली.

त्याच पानावर वर एक आणि खाली त्याच्या बरोबर उलट. कुणीतरी विचारेल अशी मला भीती होती. बावीस वर्षांत मला कुणीही विचारलं नाही. त्या बडतर्फ झाल्या. मी तीन महिन्यांनी क्लार्कचा ऑफिसर झालो.

त्यांचा पुढचा प्रवास मी लांबून पाहिला, पण पाहिला मात्र सगळा. आधी त्या आमच्याच गेटसमोर चहाच्या टपरीपाशी उभ्या राहायच्या, हातात अर्जांची पिशवी. सुटणाऱ्या बायकांना विचारायच्या, "बस वेळेवर येते का? संडासला सोडतात का?" वॉचमन हटकायचा, "ओ बाई, चला पुढं." त्या म्हणायच्या, "रस्ता सरकारचा आहे दादा, तुझ्या कंपनीचा आतला." वर्षभरात त्यांच्यामागे चाळीस बायका होत्या, पाच वर्षांत चाकणपासून भोसरीपर्यंतच्या कारखान्यांतल्या कंत्राटी बायका. बडतर्फीविरुद्ध कोर्टात गेल्या आणि हरल्या, कारण त्या ओळीखाली सही त्यांची होती. पण हरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या एका कंपनीच्या दारात धरणं धरून बसल्याचं मी पेपरात वाचलं. पुढे दुसऱ्या राज्यांतून बोलावणी यायला लागली. मोडक्या हिंदीत भाषणं करायच्या, लोक हसायचे, आणि पाचव्या मिनिटाला हसू थांबायचं.

एकदा चाकणच्या बाजारात, कांद्याच्या ढिगांमधून वाट काढताना समोरासमोर आलो. मी वळणार, तोच हाक आली. "सोनवणे भाऊ! मुलं कशी आहेत?" मी काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. भाजीची पिशवी तिथेच राहिली. ती त्यांनी एका बाईच्या हाती माझ्यामागे पाठवली.

ती ओळ मीच घातली हे त्यांना माहीत नसावं, असं मी धरून चाललो होतो. तो समज एका वाटाघाटीच्या बैठकीत गेला. मी कंपनीच्या बाजूला, त्या समोर. इतिवृत्त सह्यांसाठी फिरलं. त्यांनी वाचलं, पेन काढलं, आणि प्रत्येक पानाच्या रिकाम्या जागेवर वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ मारली. मग सही केली. त्यांच्यासोबतच्या चारही बायकांनी तसंच केलं. आमच्या मॅनेजरनं चेष्टेनं विचारलं, "हे काय ताई, चित्रकला?" शेजारची एक तरुण बाई म्हणाली, "आमच्या युनियनची रीत आहे साहेब. सगळीकडं असंच करतो आमी. ताईंनी शिकवलंय." "कशासाठी पण?" "ते नाय माहिती. पण करायचंच."

शालनताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी कागद गोळा करून फायलीत लावले. पुढे कळलं, ही रीत तमिळनाडूतल्या आणि हरियाणातल्या बायकाही पाळतात. त्यांतल्या कुणालाच तेव्हा ठाऊक नव्हतं की ती माझ्यामुळे सुरू झाली.

आणि आता हा फोटो. महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक दहा दिवसांवर होती. पहिल्यांदाच एखादी कारखान्यात उभं राहून काम केलेली बाई उभी होती. विरोधकांनी तो कागद कुठूनतरी मिळवला, वरची अर्धी बाजू कापली, आणि माझी ओळ व त्यांची सही तेवढी ठेवून सगळीकडे फिरवली. म्हणे, ही बाई खोटं बोलून लाइन बंद पाडते आणि पकडली की कबूल होते.

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घालत राहिलो. बायकोला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "आणि मी दरवर्षी लोकांना सांगते, आमच्या ह्यांचं अक्षर बघा." तिसऱ्या दिवशी मी पिंपरीला त्यांच्या ऑफिसात गेलो. एका टायरच्या दुकानावर दोन खोल्या. भिंतीला टेकवलेले फलक, चहाचे कप, फोनवर बोलणाऱ्या तीन पोरी. शालनताईंनी मला पाहिलं आणि पोरींना म्हणाल्या, "जरा खाली जाऊन नाश्ता करून या गं."

मी पाठ करून गेलेलं काहीच म्हणालो नाही. म्हणालो, "ताई, ती ओळ मी लिहिली."

"माहितीये."

"कधीपासून?"

"पोस्टानं पाकीट आलं त्या दिवसापासून. मी काय बोलले ते मला माहीत नसेल होय, भाऊ? आणि अक्षर काय लपतंय तुमचं?"

"मग बाजारात... मुलांची चौकशी केलीत."

"मुलांनी काय केलं होतं?"

त्यांनी खुर्ची सरकवली. मी म्हणालो, "मी प्रतिज्ञापत्र देतो. आजच. पेपरात देतो, व्हिडिओ करतो. त्या कागदाचं तोंड बंद होईल."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आत्ता नको."

"अहो, निवडणूक—"

"म्हणूनच नको. आत्ता तुम्ही बोललात तर म्हणतील, बाईनं माणूस विकत घेतला. शिवाय ज्या बायका मला मत देणार आहेत त्यांना मी हे आधीच सांगितलंय. त्यांनी विश्वास ठेवला तर ठेवला. नाही ठेवला तर मी त्या खुर्चीत बसून तरी काय करू? निकालानंतर द्या. जिंकले तरी द्या, हरले तरी द्या."

बावीस वर्षं मी ज्या क्षणाला भीत होतो, त्या क्षणाची त्यांना गरजच नव्हती. मी जायला उठलो. दाराशी पोहोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, एक काम कराल?"

"सांगा."

"घरी याल? आईला सांगायला."

मला समजलं नाही. त्या पहिल्यांदा अडखळत बोलल्या. "पाकीट आलं तेव्हा वडिलांनी वाचलं. मी म्हटलं, दादा, ही ओळ माझी नाही. ते म्हणाले, सही तुझी आहे ना? मग ओळ तुझीच. न वाचता सही केलीस, का वाचून केलीस, तेवढंच सांग. मी म्हटलं वाचून केली. त्यानंतर माझ्याशी धड बोलले नाहीत. अख्खा चाकण-भोसरीचा पट्टा माझ्यावर विश्वास ठेवायला लागला, ते नाही. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई त्यांच्या बाजूनं होती. काही म्हणत नाही, पण आहे."

मी नुसती मान हलवली.

निवडणूक झाली. त्या निवडून आल्या. निकालाच्या तिसऱ्या दिवशी त्या दिल्लीहून परतल्या आणि मी सकाळी वसाहतीत गेलो. गल्लीत हार, फटाक्यांचे कागद, टीव्हीवाल्यांची एक गाडी. त्यांनी टीव्हीवाल्यांना बाहेर थांबवलं आणि मला आत नेलं. दोन खोल्यांचं घर. आई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, बारीक, डोळे स्वच्छ.

"आई, हे सोनवणे. माझ्या जुन्या कंपनीतले."

"बसा," त्या म्हणाल्या. "च्या घेनार?"

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. अकरावं पान, रिकामी जागा, मी लिहिलेली ओळ. त्या लसूण सोलायच्या थांबल्या नाहीत. माझं सांगून झाल्यावर दोन पाकळ्या सोलल्या, आणि मग म्हणाल्या, "आत्ता आलात व्हय."

"चुकलो, आई."

"ह्ये म्हातारं जित्तं असताना यायचं हुतं. लेक दारात आली तरी तोंड फिरवायचं. मी बी म्हटलं, सही हाय तर आसंल." त्यांनी शालनताईंकडे पाहिलं नाही. साडीला हात पुसले. "तेव्हा यायला काय झालं हुतं तुमाला? चाकन काय लांब हाय?"

त्या पलंगावरून उतरल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एका माणसाचा फोटो होता, खाकी शर्ट, खिशाला कंपनीचा बिल्ला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला त्या फोटोसमोर उभं केलं.

"त्येंना सांगा."

मी शालनताईंकडे वळून बघितलं. त्या दाराला टेकून उभ्या होत्या. हातातला फोन वाजत होता, त्यांनी तो बंद केला. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. सव्वीस वर्षांची मुलगी पगाराच्या रांगेत उभी असावी तशी.

मी हात जोडले. म्हणालो, "मी सोनवणे. तुमच्या शालननं कबूल केलं नव्हतं. ती ओळ मी लिहिली."

"मोठ्यानं," म्हातारी मागून म्हणाली. "प्रेसशॉपच्या धडधडीत हुते तीस वर्षं. कमी ऐकू यायचं त्येंना."

मी मोठ्यानं सांगितलं. बाहेरचे टीव्हीवाले गप्प झाले, शेजारच्या बायका दारात आल्या. "अजून," म्हातारी म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, छातीतून, ओरडून, आमच्या लाइनवर मशीन चालू असताना बोलायचो तसं.